तात्यांच्या पंगतीतला तांब्या

लग्नानंतर सासुरवाडीला पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा मी धोतराची खळ प्यायलो. चुकून प्यायलो हे खरं, पण मन लावून प्यायलो.

झालं असं, की रश्श्याचा पहिला भुरका मारला आणि टाळूपासून कानापर्यंत वणवा पेटला. समोर पाण्याचा थेंब नाही. शेजारी बसलेला माणूस निवांत भाकरी चुरतोय, त्याच्या पलीकडचाही चुरतोय, आणि मला दोघांचे चार दिसायला लागलेत. 'आलोच' असं काहीतरी पुटपुटून मी उठलो आणि मागच्या पडवीत धावलो. तिथं एका पातेल्यात पांढरं, पातळ, गार असं काहीतरी झाकून ठेवलं होतं. ताक, असं मी ठरवलं. अशा वेळी माणूस बघून ठरवत नाही, ठरवून मग बघतो. पातेलं तोंडाला लावलं. चव अशी काही नव्हती, पण गार होतं, आणि मला तेवढं पुरे होतं.

मागून आवाज आला, "जावयाच्या पोटावर इस्त्री फिरवा रे कुणीतरी. खळ तर त्यांनी स्वतःच घातली."

हे तात्या. माझ्या बायकोचे, शैलाचे थोरले चुलते. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, तिला वाढवलं तात्यांनी आणि काकूंनी. त्यामुळे माझं सासर म्हणजे करमाडातलं तात्यांचं घर, आणि सासरा म्हणून माझ्या वाट्याला जे काही आलं ते हे.

आता तात्या नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं अशी रीत आहे, म्हणून मी कालपासून आठवून बघतोय. कपडे स्वच्छ असायचे, एवढं एक निघालं. त्या कपड्यांचा कडकपणा माझ्या पोटातून जाऊन आलेला असल्यामुळे तेवढं मी खात्रीनं सांगू शकतो. बाकी शोध चालू आहे.

उंच, वाळक्या अंगाचा, ताठ बसणारा माणूस. कुणीही घरी आलं की तात्या आधी त्याच्या ओठांकडे बघायचे. डोळ्यांवरून माणूस ओळखता येतो असं लोक म्हणतात. तात्यांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. "डोळं खोटं बोलत्यात. व्हट नाय बोलत. तिखट लागलं की व्हट फुगत्यात, मग तो तहसीलदार असू दे न्हायतर तलाठी." त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या. तिखट सोसणारे आणि न सोसणारे. पहिल्या जातीत ते एकटेच होते, असं माझं मत आहे.

त्यांच्या पंगतीचा एक कायदा होता. पाण्याचा तांब्या तात्यांच्या उजव्या मांडीशी असायचा आणि तो फक्त तात्यांनी उचलायचा. जेवण संपेपर्यंत कुणाच्या पुढ्यात पेला नाही. ताटातलं झालं, बोटं चाटून झाली, की मग तात्या प्रसाद वाटावा तसं पाणी ओतायचे. घरातली माणसं हे मुकाट्यानं चालवून घ्यायची. पाहुण्यांना वाटायचं, विसरले असतील. ते मागायचे. आणि तात्या त्याचीच वाट बघत असायचे.

मागणाऱ्यांची त्यांनी प्रतवारी लावली होती, बाजार समितीत कांद्याची लावतात तशी. पाणी मागणारा तिसऱ्या प्रतीचा. "येडं हाये, पण सरळ हाये. पाण्यानं आग वाढती हे त्याला ठावं नाय." साखर मागणारा त्याच्याही खाली: "त्याला अजून आईची आठवण येती." लिंबू पिळणारा म्हणजे कावेबाज, आपल्याला तिखट लागलंय हे तो चवीच्या नावाखाली लपवतो. तूप मागणाऱ्याला श्रीमंतीचा माज. दही मागणाऱ्याबद्दल ते फार बोलत नसत, नुसती मान हलवत, एखाद्या घराण्याचा शेवट बघितल्यासारखी. आणि सगळ्यांत खाली, अगदी फेकून द्यायच्या ढिगात, तो माणूस, जो घाम पुसत म्हणतो, "तिखट आहे, पण छान आहे." त्या 'पण'वर तात्यांचा फार राग.

आमच्या घरी, शहरात, परिस्थिती नेमकी उलटी. आमच्या आईला पित्ताचा त्रास, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना पित्ताचा त्रास असल्यासारखा स्वयंपाक. मिरची फोडणीत पडायची ती अख्खी, आणि बाहेर निघायची तीही अख्खी, जशी काही भेट देऊन गेली. अशा घरात वाढलेला मी तात्यांच्या कोणत्या प्रतीत बसतो हे त्यांना कधी ठरवताच आलं नाही. खळ पिणाऱ्यांसाठी त्यांनी रकानाच ठेवला नव्हता.

पण मी गप्प ऐकून घेत होतो असं नाही. मनातल्या मनात मीही त्यांची प्रत लावत होतोच. एवढी मिजास कशाची, तर जेवताना डोळ्यांत पाणी येत नाही याची! तात्यांनी मोसंबीची बाग लावली, ती वाळली. विहीर खणली, तर पाणी शेजाऱ्याच्या विहिरीला लागलं. पंचायतीला उभे राहिले आणि घरच्या मतांवर मोजदाद संपली. आयुष्यात ज्यात हात घातला त्यानं दगा दिला, एक मिरची तेवढी इमानदार निघाली. आणि ती मिरचीसुद्धा तात्यांनी कधी कुटली नव्हती. ती कुटायच्या काकू, आणि त्यांच्या हाताखाली तात्यांची एकुलती एक मुलगी मनीषा. उन्हाळ्यात मसाला झाला की मायलेकी संध्याकाळभर ताकाच्या परातीत हात बुडवून बसलेल्या असत, आणि तात्या ओट्यावरून विचारत, "यंदाची मिरची मवाळच लागायली, व्हय ना?"

एकदा ते काही कामानं शहरात आले. गुलमंडीच्या बाजारात धोतरजोडी घेतली, आणि मी जावयाचं कर्तव्य म्हणून त्यांना नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, खायला नेलं. म्हटलं, आपल्या गावची एवढी नावाजलेली गोष्ट, हिच्यापुढे तरी नमतील. मालक म्हातारा, प्रेमळ. तात्यांचं धोतर बघून त्यानं आपण होऊन सांगितलं, "बाबा, संभालके. आज तर्री तेज है."

तात्यांनी नानचा तुकडा बुडवला, खाल्ला, आणि त्याच्याकडे दयेनं बघितलं.

"मिर्ची महाग हो गयी क्या, मियाँ?"

"अरे बाबा, अंगार है अंगार!"

"अंगार? इससे तो हमारे घर का दूध तिखट रैता."

मालक हसला. आजूबाजूचे हसले. मी हसलो नाही, कारण माझ्या नाकातून पाणी चाललं होतं आणि मी रुमाल शोधत होतो. तात्यांनी माझ्याकडे बघून मालकाला सांगितलं, "ये हमारे जावई. इनको खाली नान देव. खलिया दूर से दिखाव."

असंच एकदा त्यांच्या पोटात आग पडायला लागली. मनीषानं त्यांना जबरदस्तीनं डॉक्टरकडे नेलं. ती शहरात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, तिच्या ओळखीचे डॉक्टर. त्यांनी स्पष्ट सांगितलं, तिखट बंद. तात्यांनी औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि अतिशय नम्रपणे डॉक्टरांना रविवारी जेवायचं आमंत्रण दिलं. डॉक्टर बिचारे आले. तिसऱ्या घासाला पाणी मागितलं, चौथ्याला दही, पाचव्याला गाडीची किल्ली. ते गेल्यावर तात्या मनीषाला म्हणाले, "ज्याला मह्या घरचा रस्सा झेपंना, त्यानं मला सांगायचं काय खायचं?" चिठ्ठी चुलीत गेली. पोटात आग पडतच राहिली, पण त्याबद्दल तात्या परत कधी बोलले नाहीत. स्वतःच्या पोटालाही ते तिसऱ्या प्रतीचं समजत असावेत.

हे सगळं हसून सोडून देता आलं असतं, जर मनीषाचं लग्न मध्ये नसतं तर.

मुलीला बघायला आलेल्या मुलाला तात्या जेवायला बसवत. मुलाकडची मोठी माणसं, देणंघेणं, पत्रिका, सगळं आधी उरकायचं; आणि सगळं जुळल्यावर मुलानं एकट्यानं यायचं, तात्यांच्या शेजारी बसायचं आणि येसर, म्हणजे भाजून दळलेला मसाला, घालून केलेला काळा रस्सा खायचा. एकानं साखर मागितली. एकानं लिंबू पिळलं. एक पोरगा कसाबसा निभावून नेत होता, तर त्याच्याबरोबर हट्टानं आलेल्या मामाला ठसका लागला. "खानदानच कच्चं," तात्या म्हणाले. आणि प्रत्येक वेळी मनीषा आत भाकऱ्या थापत होती. तिशी उलटली तरी थापतच होती. काकू कधी बोलायला गेल्या, तर तात्यांचं उत्तर ठरलेलं: "ज्याला एक जेवण सोसंना, त्याला संसार काय सोसंल?"

अमोल आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचा. मूळ वैजापूरचा, वडील कांद्याचे व्यापारी, स्वतः शेंद्र्याच्या एका कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर. मनीषाला कामावर उशीर झाला की ती आमच्याकडे मुक्कामाला यायची. जिन्यात भेटी झाल्या. मग जिन्यातल्या भेटी जरा लांबायला लागल्या. एक दिवस ती शैलाला म्हणाली, "ताई, मला हा पाहिजे. तात्यांना सोडून मी जाणार नाही, पळून तर नाहीच नाही. पण यावेळी तात्यांनी मोडलं, तर यापुढे मी कुणापुढे बसणार नाही. तू भावजींना सांग, काहीतरी करा."

मी बोलणी केली. दोन्हीकडची माणसं भेटली, पसंती झाली. राहिलं ते जेवण.

अडचण अशी, की अमोल म्हणजे माझीच सुधारून वाढवलेली आवृत्ती. साध्या भज्यातली मिरचीसुद्धा तो बाजूला काढून ठेवायचा. शैलानं त्याला आठवडाभर आमच्याकडे जेवायला बोलावून सराव द्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्याच दिवशी त्याला उचकी लागली ती रात्रीपर्यंत थांबेना. तेव्हा मी माझी अक्कल काढली. ती एरवी बाहेर काढायची नसते हे शैला मला नेहमी सांगते, पण त्या दिवशी ती घरात नव्हती, स्वयंपाकाला हातभार लावायला आधीच करमाडला गेली होती.

माझी दाढ दुखत असल्यानं खिशात लवंगेच्या तेलाची बाटली होती. ते तेल दाढेला लावताना एकदा जिभेला लागलं होतं, आणि तासभर जीभ आपली नसल्यासारखी झाली होती. रविवारी करमाड फाट्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि अमोलला म्हटलं, "आ कर."

"काका, हे काय?"

"तुझं लग्न."

कापसाचा बोळा भरून त्याच्या जिभेवर, गालाच्या आत, ओठांवर, दिसेल तिथं तेल फिरवलं. वर दोन चमचे तूप चाटवलं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "काका, जीभ आहे का बघा बरं." मी बघितलं. होती.

पंगत बसली. मध्ये तात्या, त्यांच्या उजव्या मांडीशी तांब्या. एका बाजूला अमोल, दुसऱ्या बाजूला मी. स्वयंपाकघराच्या दारात काकू, शैला आणि त्यांच्या मागं मनीषा. रस्सा वाढला गेला. वर लाल तवंग असा, की त्यात वाकलेल्याला स्वतःचं तोंड दिसावं. मी नेहमीप्रमाणे भाकरी कोरडीच मोडायला लागलो. माझ्याबद्दलची आशा तात्यांनी कधीच सोडलेली असल्यामुळे तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

अमोलनं भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, खायला लागला. तात्या त्याच्या ओठांकडे बघायला लागले.

काही नाही. ना घाम, ना ठसका, ना नाकाला पाणी. पोरगा दहीभात खावा तसा खात होता.

"वाढा," तात्या म्हणाले. काकूंनी वाढलं. तेही गेलं.

"ठेचा आणा."

ठेचा आला. अमोलनं तो कोशिंबिरीसारखा खाल्ला. दारातून शैला माझ्याकडे बघत होती, आणि मी विजयी मुद्रेनं भुवया उडवत होतो.

"पाहुणं, कसं हाये?"

"चांगलंय की, काका." शब्द जरा जाड निघाले.

"सकाळीच घेऊन आलाय काय?"

"नाही नाही," मी म्हटलं, "तो त्यातला नाही."

तात्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता पाठीवर थाप मारतात. ते माझ्याकडे वळले.

"जावईबापू, हे काय आणलंय तुमी मह्या घरी?"

"का हो, तात्या? चांगला खातोय की."

"खातोय? मी घरातल्या भिताडावर रस्सा वतला तरी भिताड एवढंच बोलंल. घाम नाय, डोळ्याला पाणी नाय. आपल्याला तिखट लागतं, जावईबापू. लागतंय तरी बसून खातो, त्याला सोसणं म्हणत्यात. ह्याला लागतच नाय! ज्याला सोताला झोंबत नाय, त्याला दुसऱ्याचं झोंबलेलं काय कळणार? मही पोरगी मी धोंड्याच्या गळ्यात बांधायची?"

न खाणारे नापास होतात हे माहीत होतं. खाणाराही नापास होऊ शकतो, हे मला कुठल्या जन्मात सुचलं असतं?

अमोल लाल झाला. मिरचीनं नव्हे. "काका," तो जड जिभेनं म्हणाला, "मला लागतं. लई लागतं. मी जिभेला तेल लावून आलोय. लवंगेचं." आणि पोरानं, त्याचं भलं होवो, तेल कुणाचं ते सांगितलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं. मी भाकरीकडे बघितलं.

तात्या हसले. फार वाईट हसले. "म्हंजी लबाड. धोंडा परवडला." हात धुवायला उठावं तसे त्यांनी गुडघे हलवले. "उठा पाहुणं. संपलं."

तेव्हा मनीषा दारातून बाहेर आली. पंगत चालू असताना त्या घरातल्या मुली पुढे येत नसत. ती आली, तात्यांच्या मांडीशी वाकली, आणि तिनं तो तांब्या उचलला. पेल्यातसुद्धा ओतलं नाही. उभ्यानं, वरून, घटाघटा प्यायली.

"मने," काकू म्हणाल्या.

"मला तिखट लागतं, तात्या," मनीषा म्हणाली. "शाळेत असल्यापासून लागतं. रोज लागतं. आताच म्हणालात ना, ज्याला स्वतःला झोंबतं त्याला दुसऱ्याचं कळतं? मग माझं कळलं का कधी तुम्हाला?"

तात्यांचे गुडघे तसेच अर्धवट राहिले.

"ह्या घरात तुझ्या आयशीनं कधी तक्रार केली नाय," ते म्हणाले.

"कामून करंल?" काकू दारातूनच म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तव्याखालचा जाळ कमी करावा तशा बोलल्या. "मी आत गूळ खाते की. तुमचं जेवण झालं का रोज खाते. डबा हाये त्याचा वायला."

तात्या बायकोकडे बघत होते, मग मुलीकडे. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाच्या तरी ओठांऐवजी डोळ्यांकडे बघत होते, आणि त्यांना ते जमत नव्हतं.

किती वेळ गेला असता सांगता येत नाही. पण अमोलच्या जिभेवरचं तेल उतरलं.

आधी तो नुसता थांबला, दूरवरून कुणी हाक मारल्यासारखा. मग त्याचे कान लाल झाले. मग "आई गं" अशी हाक निघाली आणि तो जागेवरच उभा राहिला. दोनदा वाढलेला रस्सा आणि मूठभर ठेचा, ज्यांची एक एक करून वरात निघायची, ते सगळे एकाच वेळी वेशीत शिरले होते. डोळे, नाक, कपाळ, सगळीकडून धारा. पोरगा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत "हा, हू" करत होता आणि त्या अवस्थेतही म्हणत होता, "सॉरी काका, सॉरी, बसतो, बसतो खाली."

मनीषा आत गेली. बाहेर आली ती दह्याचा अख्खा मातीचा सट घेऊन. तिनं तात्यांकडे बघितलं नाही. चमचा भरून अमोलच्या तोंडात घातला, आणि म्हणाली, "लगेच गिळू नका. तोंडात धरा, फिरवा. आता दुसरा." तो लहान पोरासारखा आ करत होता.

तात्या उठले, हात धुतला, पंच्याला पुसला आणि ओट्यावर जाऊन बसले. माझी दाढ ठणकत होती, पण खिशातली बाटली बाहेर काढायची छाती नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली, "जावईबापू!"

मी गेलो.

"लबाडी तुमची ना?"

"हो."

"दिसतच व्हतं. एवढी बिनडोक लबाडी त्या पोराला सुचली नसती." मग रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "तिखट खाता येत नाय. खोटं पचवता येत नाय. नाचतो तर असा, की गावची यात्रा. असला माणूस बाईला काय तरास देणार? सांगा त्यांना, तारीख काढा म्हणावं."

याला होकार म्हणायचं की शिवी, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. आत जाऊन मी होकार म्हणून सांगितला.

लग्न गावातल्याच कार्यालयात झालं. जेवणात येसरची आमटी होतीच, त्याबद्दल तात्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. पण पंगतीच्या टोकाला एक भलं मोठं पिंप होतं, मठ्ठ्याचं, आणि त्याच्याशेजारी कडक धोतरात, खांद्यावर उपरणं टाकून, हातात ओगराळं घेऊन खुद्द तात्या उभे. वैजापूरकर मंडळी आमटीचा पहिला भुरका मारत आणि पेले घेऊन धावत येत. तात्या पेला भरत, ओठांकडे बघत आणि प्रत्येकाला काहीतरी ऐकवत. "या. लाजू नका. तुमच्यासाठीच केलंय." "आणखी एक? घ्या, लेकराबाळांसाठी बी घ्या." व्याह्यांना तर त्यांनी दोन पेले दिले आणि म्हणाले, "कांद्याचा धंदा करता तरी डोळ्याला पाणी येतंच का वो?" मी लांबूनच बघितलं. जवळ गेलो असतो तर माझ्यासाठीही काहीतरी तयार असणार. माझ्याकडे त्यांची नजर गेली, त्यांनी ओगराळं जरासं वर केलं, आणि मी घाईघाईनं जिलबीच्या पंगतीकडे वळलो. मला दिसलेले शेवटचे तात्या ते. पावसाळ्याआधीच, झोपेत, कुणालाही पाणी न मागता ते गेले.

लग्नाच्या संध्याकाळी गाडीत मी खुशीत होतो. शैलाला म्हटलं, "बघितलंस? शेवटी वाकले की नाही! ज्या माणसानं जन्मभर कुणाला पाण्याचा घोट दिला नाही, तो आज हातानं मठ्ठा वाटत होता. जिरली."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. "मठ्ठा प्यायलात का तुम्ही?"

"मी कशाला तिथं जातोय?"

"मग गप्प बसा. पिंपात हिरव्या मिरच्या वाटून घातल्या होत्या त्यांनी, मूठ मूठ. लोकांची आग वाढतच होती, म्हणून तर दुसऱ्यांदा येत होते सगळे." "मी मनीषाजवळ बसले होते, आतल्या खोलीत. तिला जेवायला वाढलं तेव्हा तात्या एक गडू घेऊन आले. झाकून आणला होता. म्हणाले, 'घे, तुझं पांचट.' मी चाखून बघितलं, नुसतं ताक होतं. देऊन तोंड फिरवून उभे राहिले, पण ती पिऊन होईस्तोवर जागचे हलले नाहीत."